गोळी गुळगुळीत होती, मग बिघडलं कुठे?

प्रकल्पासाठी विचारलेला तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत लिव्हरमोरच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत, म्हणजे लेसरने इंधन दाबून अणूंचं संमीलन घडवू पाहणाऱ्या एनआयएफमध्ये, २००९ ते २०१२ या मोहिमेत प्रज्वलन, म्हणजे संमीलनाच्याच उष्णतेने इंधन आपोआप पेटत जाणं, साधलं नाही आणि त्याचं बरंचसं खापर द्रवगतिकीय अस्थिरतेवर फोडलं जातं. पण इंधनाची गोळी तर नॅनोमीटरच्या हिशेबात गुळगुळीत केलेली होती. मग ही अस्थिरता वाढली कशावर? आणि काही नॅनोसेकंदांत आटोपणाऱ्या प्रकारात तिची वाढ मोजतात तरी कशी?

मी या विषयात संगणकी गणनेच्या बाजूने आलो आणि क्ष-किरण छायाचित्रं काढणाऱ्यांच्या शेजारी बसून बराच काळ शिकत राहिलो. त्यामुळे उत्तरात थोडी पक्षपाती भूमिका दिसेल. माझ्या मते त्या काळात वाढीचा हिशेब बऱ्यापैकी बरोबर होता. चुकला तो बियाण्याचा हिशेब. कोणती खोट वाढणार आहे हेच आम्ही नीट ओळखलेलं नव्हतं, आणि ते ओळखता आलं ते वाढ प्रत्यक्ष मोजल्यावर.

आधी पाया. शाळेत केलेला प्रयोग आठवा: पाण्याने काठोकाठ भरलेला पेला, वर पुठ्ठा, मग पेला उलटा. पाणी पडत नाही. हवेचा दाब तर दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ तोलून धरू शकतो, पेल्याची काय कथा. मग पुठ्ठा काढला की पाणी का पडतं? दाब तेवढाच आहे. फरक एवढाच की पुठ्ठा पाण्याचा तळ सपाट धरून ठेवत होता. तो गेला की पृष्ठभागावरची बारीकशी लहर वाढत जाते, कुठे हवेचा बुडबुडा वर घुसतो, कुठे पाण्याचं बोट खाली उतरतं आणि सगळं कोसळतं. हीच रॅले-टेलर अस्थिरता. रॅलेने १८८३ मध्ये जड द्रव हलक्यावर ठेवला तर काय होतं ते मांडलं, जेफ्री टेलरने १९५० मध्ये दाखवलं की गुरुत्वाकर्षणाची गरजच नाही. हलकं द्रव्य जडाला ढकलून त्वरण देत असेल तर तेवढं पुरतं.

अंतःस्फोटात, म्हणजे गोळी चहूबाजूंनी आत चिरडताना, नेमकं हेच करायचं असतं. एनआयएफमध्ये १९२ लेसर किरण सोन्याच्या सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या नळकांड्यात शिरतात. तिला होलराम म्हणतात. तिच्या भिंती तापून क्ष-किरण सोडतात आणि मधोमध टांगलेल्या, साधारण दोन मिलिमीटर व्यासाच्या गोळीला चहूबाजूंनी भाजतात. त्या मोहिमेत गोळीचं कवच सुमारे २०० मायक्रॉन जाड प्लास्टिकचं होतं, त्याच्या आत सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा ड्युटेरियम-ट्रिटियमचा, म्हणजे हायड्रोजनच्या जड रूपांचा, बर्फ. कवचाचा बाहेरचा थर वाफ होऊन उडतो आणि रॉकेटसारखा उरलेल्या कवचाला आत ढकलतो. उडालेला प्लाझ्मा हलका, कवच जड. हलकं जडाला ढकलतंय. म्हणजे उलटा पेला, फक्त गोलाकार, आणि गुरुत्वाकर्षणाच्या जागी त्याच्या दहा लाख कोटी पट त्वरण.

आता एक हिशेब करू, कारण या विषयातली सगळी गंमत घातांकात आहे. समजा त्वरण दर वर्ग नॅनोसेकंदाला १०० मायक्रॉन आहे आणि कवच ७०० मायक्रॉन अंतर आत धावतं. शाळेतलं सूत्र वापरलं की वेळ येते सुमारे पावणेचार नॅनोसेकंद आणि शेवटचा वेग सेकंदाला साधारण ३७० किलोमीटर. खऱ्या प्रयोगांतले वेग याच घरातले असतात. आता गोळीच्या परिघावर ६० लहरी बसतील अशी एक खोट घ्या. आम्ही तिला मोड ६० म्हणतो. त्रिज्या एक मिलिमीटर धरली तर तरंगलांबी १०५ मायक्रॉन. शुद्ध रॅले-टेलरमध्ये वाढीचा दर म्हणजे तरंगांक (२π भागिले तरंगलांबी) गुणिले त्वरण याचं वर्गमूळ. पावणेचार नॅनोसेकंदांत घातांक ९.२ च्या आसपास येतो, म्हणजे वाढ सुमारे साडेनऊ हजार पट. वीस नॅनोमीटरची खोट १९० मायक्रॉनची होईल! अर्थात तसं होत नाही. लहरीची उंची तरंगलांबीच्या एक दशांशाच्या पुढे गेली की घातांकी वाढ मंदावते, आणि गोळी आकसताना तरंगलांबीही आकसते. पण तोपर्यंत कवच चाळणीसारखं झालेलं असेल. असा हिशेब खरा असता तर आम्ही सगळे दुसरा धंदा शोधत बसलो असतो.

तारून नेतो तो उडून जाणारा थरच. लहरीचं जे टोक गरम प्लाझ्मात घुसतं, ते जास्त भाजतं आणि लवकर उडतं. शिवाय सीमेवरून द्रव्य सतत वाहून जात असल्याने खोटही त्याच्याबरोबर वाहून जाते. म्हणून वाढीच्या दरातून एक वजाबाकी करावी लागते: तरंगांक गुणिले त्या उडण्याचा वेग (म्हणजे उडणारी सीमा कवच किती वेगाने पोखरत आत जाते तो), गुणिले साधारण तीन. जपानच्या ताकाबे यांच्या नावाने हे सूत्र ओळखलं जातं. त्यात पहिल्या पदाला ०.९ चा गुणक असतो, वजाबाकीला ३.१ चा. आता वरच्याच उदाहरणात हा उडण्याचा वेग नॅनोसेकंदाला ३ मायक्रॉन घाला. साडेनऊ हजारांची वाढ ४७० वर येते. वेग ३ ऐवजी ५ केला तर ती १२० वर येते. वेगातला दोन मायक्रॉनचा फरक आणि वाढीत चौपट घट. हे सूत्र ढोबळ आहे, क्ष-किरणांच्या भट्टीत त्याचे गुणक बदलतात, सीमेवरची घनता किती हळूहळू बदलते यानेही दर कमी होतो. पण कागदावर स्वतः एकदा करून पाहा. पुढचं सगळं राजकारण त्यातून समजतं.

एक गोष्ट इथे सांगून टाकतो, कारण ती विसरली जाते. १९७२ साली जॉन नकोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरने इंधन दाबण्याची कल्पना जाहीरपणे मांडली, तेव्हा लागणाऱ्या ऊर्जेचे अंदाज किलोज्यूलच्या घरातले होते. प्रत्यक्षात मेगाज्यूल लागले. का? पातळ कवच कमी ऊर्जेत वेग घेतं, पण पातळ कवच लवकर फाटतं. फाटू नये म्हणून कवच जाड ठेवा, जाड कवचाला वेग द्यायचा तर लेसर मोठा हवा. बाकी कारणंही होती, पण त्या हजारपटीतला मोठा वाटा या अस्थिरतेचा आहे. (मधल्या काळात, १९७७ मध्ये, लिव्हरमोरला २० किरणांचा एक लेसर उभा राहिला, त्याचं नाव शिवा. अनेक हातांचा देव म्हणून. त्याने प्रज्वलन काही झालं नाही, पण अवरक्त प्रकाशाने इंधन आधीच तापतं हे शिकवलं आणि त्यापुढचे लेसर अतिनील प्रकाशाकडे वळले.)

अस्थिरता एकदाच येते असंही नाही. सुरुवातीला आघात-लहरी कवचातून जातात, तेव्हा सीमेवरच्या खोटीला धक्का बसतो. ही रिश्टमायर-मेश्कोव्ह अस्थिरता. तिचं एक वैशिष्ट्य पुढे कामाला येणार आहे: उडणाऱ्या सीमेवर ती नुसती वाढत नाही, झोके घेते. डोंगराची दरी होते, दरीचा परत डोंगर. त्वरण सुरू होतं त्या क्षणी लहर झोक्याच्या कुठल्या टप्प्यावर आहे, त्यावर रॅले-टेलरला किती भांडवल मिळणार ते ठरतं. मग कवच जोरात आत धावतं, मधला वायू दाबला जाऊन तापतो आणि तोच उलट कवचाला रेटू लागतो. पुन्हा हलकं जडाला रेटतंय, या वेळी आतल्या बाजूने. बाहेरची लहर कवच भेदून आत पाझरलेली असेल तर ती इथे दुसऱ्यांदा वाढते. शेवटी कार्बनचे ठिपके तप्त केंद्रात शिरतात. कार्बन हायड्रोजनपेक्षा कितीतरी जास्त क्ष-किरण सोडतो, म्हणून थोडासा शिरला तरी केंद्र निवतं. आणि शंभरेक पिकोसेकंदांत जे साधायचं ते साधलं नाही तर खेळ संपला.

आता मोजमाप. बरीच वर्षं अस्थिरतेचा अंदाज शेवटच्या निकालावरून बांधला जायचा: संमीलनातून निघणारे न्यूट्रॉन कमी आले, केंद्रातून क्ष-किरण अपेक्षेपेक्षा जास्त आले, म्हणजे कवच आत मिसळलं. प्लास्टिकमध्ये मुद्दाम थोडं जर्मेनियम घालायचं आणि त्याच्या ओळखीच्या वर्णरेषा केंद्राच्या प्रकाशात दिसतात का ते बघायचं, ही त्यातली हुशार युक्ती. पण हे म्हणजे भाजी करपल्यावर वासावरून गॅस किती मोठा होता ते सांगणं. मिसळलं हे कळतं. कशामुळे मिसळलं ते कळत नाही.

म्हणून वाढ थेट बघण्याचा प्रयोग उभा राहिला. सपाट पत्र्यावर असे प्रयोग आधीच्या नोव्हा लेसरवर झाले होतेच. एनआयएफवर ते खऱ्या गोळीवर, खऱ्या लेसर-स्पंदाने, म्हणजे लेसरच्या क्षणभराच्या झोताने, करायचे होते. गोळीच्या पृष्ठभागावर लेसरने कोरून ठरावीक लहरी काढायच्या: मोड ३०, ६०, ९० वगैरे, उंची मायक्रॉनच्या काही अंशाची. गोळीच्या एका बाजूला भोक पाडून आत सोन्याचा शंकू घालायचा, म्हणजे छायाचित्रात कवचाची एकच भिंत येते, समोरची आणि मागची एकमेकांत मिसळत नाही. काही किरण बाजूच्या धातूच्या पत्र्यावर मारून क्ष-किरणांचा दिवा पेटवायचा. ते क्ष-किरण कवचातून जातात, डोंगर जास्त शोषतो, दरी कमी, आणि सूक्ष्म छिद्रांमागचा वेगवान कॅमेरा साधारण शंभर पिकोसेकंदांची एक अशा चौकटी टिपतो. पडद्यावर काळ्यापांढऱ्या पट्ट्या उमटतात. त्यांचा फरक सुरुवातीच्या फरकाने भागला की वाढीचा गुणक हाती येतो.

वाचायला सोपं, करायला चिकट. छिद्रांची विभेदनक्षमता पंधरा-वीस मायक्रॉनची, म्हणजे बारीक लहरींचा फरक कॅमेराच पुसून टाकतो आणि तो हिशेबाने परत मिळवावा लागतो. मोड १६० च्या वर हे कठीण होत जातं. शिवाय शंकूमुळे गोळीची त्रिज्या निम्म्याच्या आसपास येईपर्यंतच बघता येतं, नंतरचं नाही. म्हणजे तीसपट आकसणाऱ्या गोळीचा पहिला दुपटीचा प्रवास फक्त दिसतो. हे मर्यादित आहे हे मान्य. पण त्या पहिल्या भागात गणना आणि मोजमाप बऱ्यापैकी जुळलं, आणि हीच मोठी बातमी होती. कोरलेल्या लहरी गणनेप्रमाणे वाढत असतील, तर न्यूट्रॉन कमी का? मग दोष गणनेच्या सूत्रात कमी आणि आम्ही तिला दिलेल्या सुरुवातीच्या खोटीत जास्त असणार.

सगळ्यात पहिला सापडला तो तंबू. गोळी होलरामच्या मधोमध हवेत तर तरंगत नाही. ती प्लास्टिकच्या दोन अतिपातळ पडद्यांमध्ये धरलेली असते, जाडी काही दशक नॅनोमीटर, साधारण ४५ हे नेहमीचं माप. इतक्या पातळ पडद्याने काय होणार, असं वाटणं साहजिक होतं. पण अंतःस्फोटाच्या छायाचित्रांत गोळीच्या वर आणि खाली, नेमका जिथे पडदा गोळीला सोडून दूर जातो तिथे, वळ उठलेले दिसले. त्या कडेला पडदा आणि गोळी यांच्यात निमुळती फट असते, पडदा स्फोटून तिथला दाब बिघडतो, आणि खोट पडते ती पृष्ठभागाच्या सगळ्या खडबडीतपणाहून वरचढ. वर त्या वळाचा आकार असा की तो जोरात वाढणाऱ्या लहरींमध्ये चपखल बसतो.

दुसरी, इंधन भरायची नळी. गोळीत वायू सोडायला काचेची एक नळी चिकटवलेली असते, तेव्हा ती दहा मायक्रॉन व्यासाची होती. तिच्या मुळाशी छिद्र आहे, तिथून द्रव्याची एक धार केंद्रात जाणार हे सगळ्यांना माहीत होतं, हिशेबातही होतं. हिशेबात नव्हती ती तिची सावली. होलरामच्या भिंतीवर लेसर पडतो तिथे तेजस्वी ठिपके असतात. त्यांच्यासमोर नळी उभी, म्हणून सुरुवातीच्या क्षणांत गोळीवर नळीच्या सावल्या पडतात, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. सावलीत कवच कमी भाजतं. नळी थोड्याच वेळात उडून जाते, पण सावलीचा ठसा राहतो आणि वाढत जातो. छायाचित्रात ते आरे चक्क मोजता येत होते! मला या सगळ्या प्रकरणात हे चित्र सर्वांत आवडतं. घरच्या घरी, उन्हात, तारेची सावली भिंतीवर पडावी तेवढं साधं कारण, आणि आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही.

तिसरी गोष्ट माझ्या वर्मी लागलेली. काहीही न कोरलेल्या, नैसर्गिक पृष्ठभागाच्या गोळ्यांची छायाचित्रं काढली तेव्हा त्यांच्यावर अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठी वाढ दिसली. पृष्ठभागाचं मोजमाप उत्तम होतं. मीही अशाच मोजमापाची फाइल गणनेत घालून, गोळी चांगली आहे, असं छातीठोकपणे सांगितलेलं होतं. निघालं असं की प्लास्टिक हवेतला ऑक्सिजन शोषतं, त्यातही प्रकाश पडला की जास्त, आणि सगळीकडे सारखं नाही. ऑक्सिजन क्ष-किरण जास्त शोषतो. म्हणजे पृष्ठभाग आरशासारखा, पण आतलं द्रव्य ठिकठिकाणी वेगळं. खडबडीतपणा मोजणारं यंत्र उंची मोजतं, त्याला रसायन दिसत नाही. गोळ्या उजेडापासून जपायला लागल्या त्या यानंतर.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर हे: घासून जे काढता येत होतं ते काढलेलं होतं, उरलं ते आधार, नळी आणि द्रव्याची अशुद्धता यांत. यात फक्त अस्थिरतेला दोष देणंही बरोबर नाही. क्ष-किरण सगळीकडून सारखे न पडल्याने गोळी चपटी किंवा लांबट होणं, हा तितकाच मोठा गुन्हेगार होता. दोन्ही एकत्र गणनेत घातल्यावरच आकडे प्रयोगाच्या जवळ येऊ लागले.

पण खोट शोधली म्हणजे ती लगेच काढता येते असं नाही. तंबूशिवाय गोळी टांगायची कशावर? म्हणून दुसरा मार्ग, वाढच कमी करा. २०१३-१४ मध्ये ओमर हरिकेन यांच्या चमूने लेसर-स्पंदाचा सुरुवातीचा पाया उंचावला. आमच्या बोलीत याला हाय-फूट म्हणतात. पहिला धक्का जोरदार, चारऐवजी तीन आघात-लहरी. याने कवच आधीच जास्त तापतं, उडण्याचा वेग वाढतो, सीमा पसरट होते. वरचा ३ आणि ५ मायक्रॉनचा हिशेब आठवा. कोरलेल्या लहरींच्या छायाचित्रांत वाढ खरोखरच ठळकपणे उतरलेली दिसली, न्यूट्रॉन वाढले आणि इंधनात गेलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा संमीलनातून आली. किंमत काय? तापलेलं इंधन कमी दबतं. इंधनाचा अ‍ॅडिअबॅट, म्हणजे थंड अवस्थेच्या तुलनेत दाब किती पट आहे तो आकडा, दीडवरून अडीच केला तर त्याच दाबाला घनता सुमारे चतुर्थांशाने घटते. प्रज्वलनाला घनता हवीच. म्हणजे हाय-फूट ही पथ्याची जेवणं झाली, त्यावर कुस्ती मारता येत नाही. तरी ती खाल्ल्याने दुखणं कुठे होतं ते कळलं.

नंतर त्यातूनही वाट काढली गेली. स्पंदाचा पहिला उंचवटा मोठा करून मग उतरवायचा, म्हणजे कवचाची बाहेरची बाजू तापते आणि आतलं इंधन थंड राहतं. रिश्टमायर-मेश्कोव्हचे झोके इथे कामी आले: स्पंद असा साधायचा की सर्वांत धोक्याच्या लहरी त्वरण सुरू होताना झोक्याच्या मध्यावर, जवळपास सपाट असतील. मला हे डिझाइन फार सुंदर वाटतं, जरी शेवटी बाजी मारली ती दुसऱ्याच वाटेने.

ती वाट हिऱ्याची. प्लास्टिकऐवजी घन कार्बनचं कवच. घनता जास्त म्हणून कवच पातळ, स्पंद आखूड, होलराममध्ये सोन्याचा धूर भरायच्या आत काम उरकतं आणि गोळी गोल राहते. नळीही दहावरून पाचवर, मग दोन मायक्रॉनवर आली. पण हिऱ्याची स्वतःची खोट आहे: आत सूक्ष्म पोकळ्या, पृष्ठभागावर खड्डे, कुठे जड धातूचे कण. ८ ऑगस्ट २०२१ ला १.९ मेगाज्यूल लेसरवर १.३ मेगाज्यूलहून अधिक उत्पन्न मिळालं. तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा उत्पन्न बरंच कमी आलं. लेसर तोच, आराखडा तोच. गोळ्या मात्र वेगळ्या, आणि त्यांच्यात खोटी जास्त. केंद्राच्या क्ष-किरण चित्रांत तेजस्वी ठिपके उठलेले दिसतात, आम्ही त्यांना उल्का म्हणतो. कवचाचं द्रव्य आत शिरल्याची ती निशाणी.

मग अ‍ॅनी क्रिचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळी निर्दोष व्हायची वाट पाहिली नाही. लेसर ८ टक्क्यांनी वाढवून २.०५ मेगाज्यूल केला आणि कवच थोडं जाड केलं. जाड कवचात खोट आत पोहोचायला जास्त अंतर लागतं. ५ डिसेंबर २०२२ ला ३.१५ मेगाज्यूल मिळाले, लेसरपेक्षा संमीलनाची ऊर्जा पहिल्यांदा जास्त. ती गोळी काही आदर्श नव्हती, हे मला आजही महत्त्वाचं वाटतं. अस्थिरता संपली नव्हती, तिला पुरून उरेल एवढं भांडवल हातात आलं होतं. एकदा संमीलनातून निघालेल्या आल्फा कणांनी केंद्र स्वतःच तापायला लागलं की थोडासा फरकही उत्पन्नात कितीतरी पटींनी दिसतो, वरच्या दिशेनेही आणि खालच्याही. फेब्रुवारी २०२४ मधले ५.२ मेगाज्यूल त्याच चढणीवरचे.

शेवटी, लेसर थेट गोळीवर मारला तर हे सगळं टळेल का, असंही विचारलंय. नाही. होलराम गेलं की ऊर्जा जास्त पोहोचते हे खरं, पण लेसरच्या किरणातले ठिपके गोळीवर थेट छापले जातात, म्हणजे बियाणं आपणच पेरतो. अमेरिकेतल्याच रॉचेस्टरच्या ६० किरणांच्या ओमेगा लेसरवर ते ठिपके पुसट करण्यासाठी प्रकाशाचे रंग किंचित पसरवतात, विशिष्ट काचपट्ट्या लावतात. वर, थेट लेसरमध्ये उडण्याचा वेग क्ष-किरणांपेक्षा कमी पडतो, म्हणजे ताकाबेच्या सूत्रातली वजाबाकी लहान. तुमच्या प्रकल्पासाठी हीच तुलना घ्या: तोच मोड ६०, तेच त्वरण, उडण्याचा वेग १ पासून ५ मायक्रॉनपर्यंत बदलत आलेख काढा. मग मोड २०० साठी तोच काढा, आणि दोन्ही वक्र एकमेकांना कुठे छेदतात ते बघा.